पुण्यात घरी बसून बीट्स बनवतो, लेबल नाही, ओळख नाही. स्वतःचं गाणं काढून काही होतं का?

प्रश्नाखाली तू लिहिलंयस की वय १९, धनकवडीत राहतोस, दोन वर्षं एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरवर बीट्स, म्हणजे गाण्याखालचं म्युझिक बनवतोयस, एक मित्र त्यावर रॅप करतो, एक हाउसचा, म्हणजे क्लबमध्ये नाचायच्या म्युझिकचा ट्रॅक अर्धवट पडलाय, सहा-सात गाणी हार्ड डिस्कवर आहेत आणि घरचे विचारतात याने पोट भरणार का. मी तुझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठा असेन म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

गाणं काढायचं म्हटलं तर आज रात्री काढशील. डिस्ट्रिब्युटरवर, म्हणजे आपलं गाणं स्पॉटिफायसारख्या अ‍ॅपवर पोहोचवणाऱ्या कंपनीकडे अकाउंट उघडायचं, वेव्ह फाइल चढवायची, कव्हर लावायचं, झालं, आठवड्याभरात स्पॉटिफायवर दिसतं. त्यासाठी आता लेबल लागत नाही. अडतं कुठे तर ते गाणं नक्की कुणाचं, हे कुणी लिहूनच ठेवलेलं नसतं, आणि हे कळतं गाणं चालायला लागल्यावर, तोवर मित्र मित्र असतात.

माझंच सांगतो. २०१९ ला मी आणि माझा एक रॅपर मित्र, आम्ही यूट्यूबवरून एक टाइप बीट, म्हणजे नावाजलेल्या रॅपरच्या स्टाइलची तयार बीट घेतली, दोनेक हजाराला लीज, म्हणजे भाड्याने. लीजची पीडीएफ आली ती दोघांनीही उघडली नाही, बीट आली ना बस. गाणं आमच्या मानाने बरं चाललं, कॉलेजातली पोरं त्यावर व्हिडिओ बनवायला लागली, आणि मग एके सकाळी यूट्यूबचा क्लेम, की हे म्युझिक दुसऱ्याचं आहे. दुसऱ्या कुठल्या तरी देशातल्या एकाने तीच बीट लीजवर घेतली होती आणि स्वतःचं गाणं कंटेंट आयडीत, म्हणजे कुणाचं म्युझिक कुठे वाजतंय ते आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या सिस्टीममध्ये टाकलं होतं, सिस्टीमला दोन्हीकडे तेच म्युझिक ऐकू आलं म्हणून आमच्या व्हिडिओचे जाहिरातीचे पैसे त्याच्याकडे वळले. त्याने तसं टाकायला नको होतं, नॉन-एक्सक्लुझिव्ह, म्हणजे अनेकांना दिलेल्या बीटचं कंटेंट आयडी करायचं नाही असं त्या पीडीएफमध्येच होतं, पण हे आम्हाला तेव्हा कळलं जेव्हा आम्ही ती पहिल्यांदा वाचली. त्याच पीडीएफमध्ये असंही होतं की लीज दोन वर्षांची आणि अमुक इतक्या स्ट्रीमपर्यंतच. क्लेम तीन आठवड्यांनी सुटला. दोन वर्षांनी लीज वाढवायला गेलो तर बीटवाल्याने ती बीट एकाला एक्सक्लुझिव्ह विकून टाकली होती. गाणं उतरवावं लागलं. आमचं सगळ्यात जास्त चाललेलं गाणं आज कुठेच नाही, मित्राच्या फोनमध्ये आहे फक्त.

तू बीट्स स्वतः बनवतोस म्हणजे यातून निम्मा सुटलास. निम्माच, कारण सॅम्पलचं, म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगमधून उचललेल्या तुकड्यांचं काय ते तू लिहिलं नाहीस. सॅम्पल पॅकमधले लूप, म्हणजे सगळ्यांना मिळणारे तयार तुकडे वापरत असशील तर चालतं, फक्त तोच लूप अजून हजार जणांकडे आहे हे लक्षात ठेव आणि तसल्या ट्रॅकला कंटेंट आयडी चालू करू नकोस, नाहीतर वर सांगितलेला माणूस तू होशील. जुन्या लावणीचा तुकडा कापून खाली किक, म्हणजे ड्रमचा जाड ठोका टाकायची हौस सगळ्यांनाच येते, मलाही येते. पण त्याला दोन परवानग्या लागतात, एक त्या रेकॉर्डिंगच्या मालकाची म्हणजे कंपनीची आणि दुसरी गाण्याच्या हक्काची, म्हणजे गीतकार-संगीतकार किंवा त्यांचे हक्क सांभाळणाऱ्या पब्लिशरची, आणि आपल्यासारख्याच्या मेलला तिकडून उत्तर येत नाही. सात सेकंदांपर्यंत चालतं वगैरे कुणी सांगितलं तर ऐकू नकोस, असा काही नियम नाही.

मी मग काय केलं तर हलगी स्वतःच रेकॉर्ड करायची ठरवली. मी पोटापाण्यासाठी लग्नात आणि गणपतीत साउंड लावतो, त्यामुळे वाजवणारे ओळखीचे. एका काकांना विचारलं, ते म्हणाले ये. जुलै महिना, भुरभुर पाऊस, हवेत ओल, चामडं पार सैल पडलेलं, हलगी नुसती थप थप करत होती. मी आपला माइक लावून, लेव्हल बघून तयार. काकांनी शांतपणे पत्र्याच्या शेडखाली चार पेपर पेटवले, हलगी त्यावर फिरवली, बोटाने टकटक करून बघितली, परत फिरवली, असं तीन वेळा, आणि मग जो आवाज आला ना तो मला कॉम्प्युटरवरच्या कुठल्याच प्लगइनमधून काढता आलेला नाही. पाच-सहा मिनिटांत परत उतरायची, परत पेपर. हेडफोनवर क्लिक, म्हणजे ताल धरायची टिकटिक द्यायला गेलो तर काकांनी दोन मिनिटांत हेडफोन काढून ठेवला, म्हणाले ह्या टिकटिकीने हात बांधल्यासारखा वाटतो. घरी येऊन बघतो तर ११२ बीपीएमला, म्हणजे मिनिटाला ११२ ठोक्यांना सुरू झालेला ठेका शेवटी ११८ ला पोहोचलेला. हाउस साधारण १२०-१२८ मध्ये चालतं, तर मी सॉफ्टवेअरच्या एकसारख्या ग्रिडवर चिकटवायच्या ऐवजी ट्रॅकच तसा हळूहळू चढवत नेला, आणि लोकांना नेमकं तेच आवडलं. काकांना त्या दिवसाचे पैसे दिले, शिवाय क्रेडिटमध्ये नाव आणि रेकॉर्डिंगमध्ये दहा टक्के वाटा लिहून दिला. मित्र म्हणाले येडा आहेस, लोक पाचशे देऊन मोकळे होतात. होतात ना, पिढ्यान्‌पिढ्या तेच झालंय म्हणून तर वाजवणाऱ्याचं नाव कुठेच सापडत नाही. (आणि पोवाडा म्हणजे आपला रॅपच हे वाक्य प्रत्येक मुलाखतीत फेकणाऱ्यांपैकी किती जणांनी शाहिराला किंवा हलगीवाल्याला स्टुडिओत बोलावलंय ते बघ एकदा.)

तर पहिलं काम, आज-उद्यात करायचं. मित्राला घेऊन अमृततुल्यवर बस आणि प्रत्येक गाण्याचा एक कागद बनव. त्यात दोन वेगळे हिशोब: शब्द आणि चाल-बीट यांचा म्हणजे गाण्याचा एक, आणि रेकॉर्डिंगचा दुसरा. बीट तुझी, शब्द त्याचे, तर गाणं पन्नास-पन्नास हे सरळ आहे. पण रेकॉर्डिंग तुझ्या माइकवर, मिक्स तू केलंस, व्हिडिओचे पैसे त्याच्या दादाने घातले, इथे बोलायला लागेल. अवघडल्यासारखं होतं, मान्य, आमचं पहिल्यांदा बोलणं झालं तेव्हा दोन चहा थंड झाले, पण गाण्याला शंभर स्ट्रीम असताना हे भांडण फुकटात पडतं. खाली तारीख, दोघांच्या सह्या, फोटो काढून दोघांच्या मेलवर.

दुसरं, आयपीआरएसचे, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे मेंबर व्हा, दोघंही, तो गीतकार म्हणून आणि तू संगीतकार म्हणून. ही १९६९ पासूनची संस्था आहे, गाणं रेडिओ-टीव्हीवर, हॉटेलात, इव्हेंटला, स्ट्रीमिंगवर वाजलं की गीतकार-संगीतकाराची रॉयल्टी ती गोळा करते. डिस्ट्रिब्युटर देतो ते रेकॉर्डिंगचे पैसे, हे त्यापेक्षा वेगळे, आणि बरीच पोरं हे कधी मागतच नाहीत.

तिसरं, थोडं नाव झालं की इन्स्टावर मेसेज येतील, ब्रो साइन करूया, आपलं लेबल आहे. लेबल म्हणजे बहुतेक वेळा एक लोगो आणि तू वापरतोस तोच डिस्ट्रिब्युटर. असल्या एकाने मला पाठवलेल्या कागदावर सगळे हक्क, कायमचे, जगभर असं होतं आणि बदल्यात पोस्टर डिझाइन. कॉपीराइटचा कायदा माहीत असू दे: करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच ते लोक कायमचे आणि जगभर हे शब्द न चुकता घालतात. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा सही घेऊनसुद्धा काढून घेता येत नाही, फार तर तो वारसाला किंवा आयपीआरएससारख्या संस्थेला देता येतो. हे एवढं बोलून दाखवलं तरी समोरचा निम्म्या वेळा गायब होतो.

अपलोडचं पटापट सांगतो. काही डिस्ट्रिब्युटर वर्षाची फी घेतात आणि फी थांबली की गाणी उतरवू शकतात, काही फुकट चढवतात आणि कमाईतला हिस्सा कापतात, तुझ्यासारख्याने सुरुवातीला दुसरे बरे. नाव ठेवण्याआधी सगळीकडे सर्च कर, माझा पहिला ट्रॅक त्याच नावाच्या एका ब्राझीलवाल्याच्या पेजवर जाऊन बसला होता आणि त्याच्या फॅन्सना हलगी ऐकायला मिळाली. रिलीजची तारीख तीन-चार आठवडे पुढची टाक, कारण स्पॉटिफायच्या प्लेलिस्टवाल्यांना गाणं पाठवायचं तर रिलीजच्या किमान ७ दिवस आधी पाठवावं लागतं. डिस्ट्रिब्युटर अमेरिकेतला असेल तर तो टॅक्सचा फॉर्म नीट भर, कंटाळा करू नकोस. आणि २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत १००० स्ट्रीम झाले नाहीत तर त्या गाण्याचे रेकॉर्डिंगचे पैसेच मिळत नाहीत. म्हणून सातही गाणी एका रात्रीत टाकू नकोस, एकेक सोड आणि प्रत्येकाच्या मागे लाग.

पैशाचं खरं सांगू का, माझं गेल्या वर्षीचं सगळं स्ट्रीमिंग मिळून एक चांगली केबल आणि दोघांची मिसळ झाली असती. घर चालतं साउंडच्या कामावर. घरच्यांना हेच सांग, खोटं सांगू नकोस. ते ताडीवाला रोडच्या रॅपर एमसी स्टॅनचं उदाहरण तू देणारच, आणि बरोबरच आहे, वस्तीतला पोरगा २०२३ मध्ये बिग बॉस जिंकून येतो तेव्हा सगळ्या पुण्यातल्या आया एकदम रॅप म्हणजे काय विचारायला लागतात. हाउसमध्ये डीजे क्रेटेक्स आणि रॅपर श्रेयसचं तांबडी चामडी हे गाणं २०२४ मध्ये स्पिनिन रेकॉर्ड्स या डच लेबलवर आलं, मराठी शब्द जसेच्या तसे ठेवून. ही दोन उदाहरणं खरी आहेत, पण त्यावरून घरचं बजेट बनवू नकोस.

स्टेजचं म्हणशील तर पुण्यात मोठी स्टेजं आली-गेली. एनएच७ वीकेंडर हे म्युझिक फेस्टिव्हल २०१० मध्ये इथेच सुरू झालं, सनबर्न हे डान्स म्युझिकचं फेस्टिव्हल २०१६ ला गोव्यातून इकडे आलं, तीन वर्षं राहिलं आणि परत गेलं. तेव्हा वाटायचं की तिथे चढलो की झालं. माझा पहिला गिग मुंढव्याच्या एका जागेत झाला, मंगळवारी, ११ माणसं, त्यातली सहा आमच्यानंतर वाजवणारी आणि एक जण चुकून आलेला. पण त्या सहामधले दोघं आजही माझ्याबरोबर काम करतात, हे मला कुठल्याच रीलने दिलेलं नाही. बागेतल्या सायफरला, म्हणजे घोळका करून पाळीपाळीने रॅप करतात तिथे जा, वॉचमन नवाच्या सुमाराला हाकलतो तोवर. आणि जागा मिळत नाही असं रडण्याआधी हे ऐक, हिप हॉपची सुरुवात म्हणून जी पार्टी सांगतात, ११ ऑगस्ट १९७३ ची, न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सची, ती डीजे कूल हर्कच्या बहिणीने शाळा सुरू व्हायच्या आधी कपड्यांसाठी पैसे जमवायला ठेवली होती, त्यांच्याच बिल्डिंगमधल्या हॉलमध्ये, पोरींना २५ सेंट आणि पोरांना ५०. तुमच्या सोसायटीचा हॉल आहे ना, कोजागिरीला रिकामाच असतो दुधाच्या आधी, सेक्रेटरीला विचार. दहाला बंद करायचं म्हणजे करायचं.

मिक्सचं एकच सांगतो, हेडफोनवर ऐकून खूश होऊ नकोस. मी गाणं पेन ड्राइव्हवर घेऊन ओळखीच्या रिक्षावाल्याकडे जातो, मागच्या स्पीकरवर कात्रज ते स्वारगेट ऐकतो, इंजिनाच्या आवाजात शब्द कळले तर व्होकल बरोबर. बेस तिथे फाटला तर गणपतीच्या मिरवणुकीत पण फाटणार, हे मी साउंडवाला म्हणून लिहून देतो.

आणि हो, शेवटी महागडा इंटरफेस, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा, आणि माइक घेऊ का विचारलंयस. आत्ता नको. एट-ओ-एट ज्याला आपण म्हणतो ते रोलँड कंपनीचं ड्रमचं मशीन १९८० मध्ये आलं, खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून चाललं नाही, १९८३ ला बंद झालं आणि सेकंडहँडमध्ये स्वस्त झालं म्हणूनच पोरांच्या हातात गेलं. तू पण इंटरफेस सेकंडहँड घे, दोन इनपुटचा साधा, घेताना दोन्ही इनपुट आणि हेडफोनचं भोक तिथेच चेक कर, फॅंटम पॉवर, म्हणजे माइकला वीज देणारं बटण चालू करून बघ. माइकमागे आणि खिडकीला गोधडी टांग, रात्री एकनंतर रेकॉर्ड कर, तोपर्यंत कुकर आणि टँकर दोन्ही थांबलेले असतात. फक्त गोधडी कुठली टांगायची ते आईला आधी विचार, मी आजीची घेतली होती आणि तिला खिळा मारला होता.