नवाहो समाजात अपंग कोण, हे कोण ठरवतं?

तुमचा प्रश्न असा: अमेरिकेतल्या नवाहो आदिवासींमध्ये अपंग माणूस स्वतःचे निर्णय स्वतः घेतो, की घरचे घेतात? मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून खुब्यापासून सुरुवात करते.

ॲरिझोनातल्या मेनी फार्म्स इथे 1950च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी दवाखाना चालवला. नवाहोंमध्ये खुबा निखळलेली मुलं तेव्हा बरीच असत. बाळाचे पाय सरळ बांधून त्याला लाकडी फळीवर ठेवायची पद्धत हे त्याचं एक कारण. ही मुलं मोठेपणी लंगडत, पण मेंढ्या राखत, घोड्यावर बसत, संसार करत. त्यांना कुणी अपंग समजत नसे. डॉक्टरांना मात्र पुढची सांधेदुखी दिसत होती. मोठ्या माणसांसाठी त्यांच्याकडे उपाय होता तो खुबा कायमचा जखडून टाकायच्या ऑपरेशनचा. त्यानं दुखणं थांबे, पण मग होगनमध्ये, म्हणजे त्यांच्या पारंपरिक घरात, जमिनीवर नीट बसता येत नसे आणि घोड्यावर टांग टाकता येत नसे. त्या माणसाच्या लेखी अपंगत्व आलं ते ऑपरेशननंतर!

हे वाचलं आणि माझ्याकडे आलेल्या एक आजी आठवल्या. खुबा बदलल्यावर मांडी घालायची नाही, असं मी त्यांना बजावलं. त्या म्हणाल्या, “कमोडवर बसीन गं, पण देवापुढं खुर्ची टाकू का?” मी कागदावर लिहिलं, ‘समजूत काढावी’. आज मी तसं लिहिणार नाही. आधी विचारीन, आजी, दिवसभरात खाली कुठे कुठे बसता?

मात्र नवाहो समाज प्रत्येकालाच असं सामावून घेई, असं समजू नका. काही प्रकारच्या फिट्सचा संबंध ते बहीणभावांतल्या निषिद्ध संबंधाशी लावत. अशा माणसाच्या वाट्याला लाज येई आणि ती घरादाराला चिकटे. लंगडणाऱ्याला जे मिळालं, ते यांना मिळालं नाही.

आता निर्णयाचं. ‘स्वतः की घरचे’ अशी फोड तिथे सरळ बसत नाही. नात्यागोत्याच्या बांधिलकीला ते ‘के’ म्हणतात, आणि कूळ आईकडून चालतं. नाइटवे हा उपचाराचा विधी नऊ रात्री चालतो. खर्चाला आणि राबायला नातलग असतात. त्याच्या एका कथेत आंधळा भाऊ पांगळ्या भावाला पाठीवर घेऊन देवांच्या दारोदार हिंडतो. आपला अंधपंगुन्यायच, फक्त इथे दोघे सख्खे जुळे आहेत. रस्ता एक पाहतो, चालतो दुसरा. मग निर्णय कुणाचा म्हणायचा?

कायद्यात मात्र एक पेच आहे, आणि तो मला फार खुपतो. 1975च्या कायद्यानं जमातींना सरकारी योजना स्वतः चालवायचा हक्क दिला. पण 1990च्या अपंग हक्क कायद्यातल्या नोकरीच्या कलमांतून जमातींना मालक म्हणून वगळलं आहे. त्यामुळे जमातीच्या कचेरीत काम करणाऱ्या नवाहो माणसाला व्हीलचेअरसाठी रॅम्प हवा असेल, तर तो या कलमांवर बोट ठेवू शकत नाही. त्याला विंडो रॉकला, म्हणजे नवाहोंच्या राजधानीत, आपल्याच लोकांच्या सरकारपुढे तो मागावा लागतो.