शिबिराआधी मुलांच्या हाती काम द्या

प्रश्न : हिमोफिलिया आणि रक्त न थांबण्याच्या इतर आजारांच्या रुग्णांसाठी आम्ही काही पालक गोव्यात एक लहानसा गट चालवतो. आमची वये झाली, मुले कॉलेजात पोहोचली, तेव्हा पुढची फळी तयार व्हावी म्हणून दोन दिवसांचे नेतृत्व शिबिर घेण्याचा विचार आहे. त्यासाठी व्यक्तिमत्त्व विकासाचा नामवंत व्याख्याता बोलवावा का? आणि आजार मुलग्यांचा असताना मुलींनाही घ्यावे, असा काहींचा आग्रह आहे, तो योग्य आहे का?
— एक पालक, डिचोली

उत्तर : व्याख्याता जरूर बोलवा, पण त्याला एका तासाहून अधिक वेळ देऊ नका. देवळापुढच्या मांडवात नाटके पाहत आणि करत वाढलेल्या आपल्या मुलांना चारचौघांत बोलण्याचे फारसे वावडे नसते. त्यांचे अडते ते कचेरीतल्या टेबलापुढे आणि रात्रीच्या कॅज्युअल्टीत. तेव्हा शिकवायचे ते तिथले.

सुरुवात स्वतःच्या आजारापासून व्हावी. आपल्याला रक्त गोठवणारा आठवा घटक (फॅक्टर) कमी आहे की नववा, त्याचे प्रमाण किती, इन्हिबिटरची, म्हणजे दिलेला फॅक्टर निष्प्रभ करणाऱ्या प्रतिपिंडांची, तपासणी शेवटची कधी झाली, हे आईकडे न पाहता ज्याला सांगता येते आणि जो प्रत्येक ब्लीडची (रक्तस्रावाची) नोंद ठेवतो, त्याच्याच शब्दाला नव्याने निदान झालेल्या बाळाचे आईवडील मान देतील. इंजेक्शनसाठी फॅक्टरची पूड बाटलीत विरघळवताना ती हलवून फेस न आणता तळव्यांमध्ये अलगद फिरवायची असते, एवढी गोष्टही मोठ्या मुलाने लहानाला करून दाखवली, तर ती पत्रकापेक्षा अधिक लक्षात राहते.

त्यानंतर सराव घ्या. चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळापानांची माटोळी बांधताना शिडीवरून पडून मुलाच्या डोक्याला मार लागला आहे, बाहेर जखम नाही, आणि ड्यूटीवरचे नवखे डॉक्टर आधी सीटी स्कॅन करू म्हणतात, असा प्रसंग एकाला डॉक्टर आणि दुसऱ्याला मोठा भाऊ करून उभा करा. डोक्याच्या माराला फॅक्टर आधी आणि स्कॅन नंतर, स्नायूत इंजेक्शन नको, अ‍ॅस्पिरिन नको, हे आवाज न चढवता, उपचार केंद्राचे कार्ड पुढे ठेवून सांगता येणे, याला मी नेतृत्व म्हणतो. (डॉक्टरची भूमिका करणाऱ्याने मुद्दाम थोडे चिडावे, तसे खरोखरच घडते.)

कायद्यासाठी एक सकाळ राखून ठेवा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत हिमोफिलियाचा समावेश आहे आणि दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्यास सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात. मात्र सरकारी नोकरीतील आरक्षणाच्या यादीत रक्ताच्या आजारांचा स्वतंत्र उल्लेख नाही, आणि हा फरक माहीत नसलेला कार्यकर्ता कुटुंबांना भलतीच आशा लावून बसतो. म्हणून कलम ३२ (शिक्षण) आणि कलम ३४ (नोकरी) मुलांनी स्वतः मोठ्याने वाचावीत आणि दिव्यांगत्व प्रमाणपत्राचा एक अर्ज तिथेच भरून पाहावा.

मुलींविषयीचा आग्रह पूर्णपणे योग्य आहे. हिमोफिलिया असलेल्या पुरुषाची प्रत्येक मुलगी त्या दोषाची वाहक असते, कित्येक वाहकांमध्ये फॅक्टरचे प्रमाण इतके कमी असते की पाळीत किंवा दात काढल्यावर त्यांनाही त्रास होतो, आणि व्हॉन विलेब्रँडचा आजार, हा रक्त न थांबण्याचाच दुसरा आजार, तर स्त्रीपुरुष दोघांनाही होतो. बहिणींना केवळ नावनोंदणीच्या टेबलावर बसवण्याची आपली जुनी खोड आता मोडलेली बरी.

परंतु दोन दिवसांत फळी तयार होत नाही. माँट्रियलच्या फ्रँक श्नाबेल यांनी १९६३ साली जागतिक हिमोफिलिया महासंघ स्थापन केला तेव्हा ते स्वतः तीव्र हिमोफिलियाचे रुग्ण होते. १७ एप्रिल हा त्यांचा जन्मदिवस आपण हिमोफिलिया दिन म्हणून पाळतो, आणि बहुधा त्या दिवशी मुलांना केवळ दिवा पेटवायला पुढे करतो. त्याऐवजी शिबिर संपताना प्रत्येकाला वर्षभराचे एक काम नेमून द्या: एकाने हिशेबाची वही सांभाळावी, दुसऱ्याने फॅक्टरच्या साठ्याची चौकशी करावी, तिसरीने नव्या कुटुंबांच्या घरी जावे. जुन्या पालकाने सोबत असावे, पण विचारल्याखेरीज बोलू नये, आणि कार्यकारिणीत मतासह दोन जागा तरुणांना याच वर्षी द्याव्यात. हे तुम्हा मंडळींना जड जाईल, याची मला कल्पना आहे.

जागा निवडताना खोल्या तळमजल्यावरच्या घ्या, म्हणजे गुडघा सुजलेल्याला जिने चढावे लागणार नाहीत. फॅक्टरसाठी २ ते ८ अंश तापमानाचा फ्रीज आणि सुजेवर लावायला भरपूर बर्फ हवा, आणि रात्री बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) जायची वेळ आली तर वाहन कोण चालवणार, हे आधीच ठरलेले असावे.