तेराव्या वर्षी बटरफ्लायचं टायमिंग अडलं तर

ताई, तुमचं पत्र वाचलं. तुमची लेक तेरा वर्षांची आहे. गेल्या वर्षी शालेय राज्य जलतरण स्पर्धेत 100 मीटर बटरफ्लायला तिसरी आली, त्यानंतर टायमिंग जागचं हललेलं नाही. उजवा खांदा दुखतो, सर 200 मीटरची तयारी करू म्हणतात, आणि घरात पुण्याला बिऱ्हाड हलवायची चर्चा सुरू आहे. मी अनेक वर्षं फ्लायच (म्हणजे बटरफ्लाय) पोहलो, आता तलावाच्या काठावर मुलांसोबत असतो. म्हणून थेट सांगतो: खांदा आधी बघा, टायमिंगची काळजी सगळ्यात शेवटी करा, आणि या वर्षी तरी नाशिक सोडू नका.

तेराव्या वर्षी खांदा दुखणं ‘सरावाचा भाग’ नसतो. सराव झाल्यावर दोन्ही हात सारखेच जड वाटत असतील आणि सकाळी मोकळे होत असतील, तर तो थकवा. पण दुखणं एकाच बाजूला, खांद्याच्या पुढच्या भागात असेल, केस बांधताना किंवा दप्तर पाठीला लावताना कळ येत असेल, तर खेळाडूंचे खांदे पाहणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे याच आठवड्यात न्या. तोपर्यंत फ्लाय पूर्ण बंद. किक, अंग पाण्यात नीट तरंगत ठेवायचा सराव (बॅलन्स) आणि दुखत नसेल एवढंच फ्री, म्हणजे फ्रीस्टाईल.

दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा स्ट्रोकमध्ये सापडतं. तिचा व्हिडिओ समोरून काढा. हात पाण्यात शिरताना खांद्यांच्या रेषेत शिरतात की डोक्यासमोर एकमेकांकडे येतात ते पाहा. आत आले की खांद्याच्या सांध्यात स्नायूची दोरी चेपली जाते, आणि हे प्रत्येक स्ट्रोकला होतं. मग बाजूने व्हिडिओ काढा. श्वास घेताना हनुवटी पाण्याला टेकून पुढे जायला हवी. ती डोकं वर उचलत असेल तर कंबर खाली बुडते, आणि बुडालेलं शरीर ओढायचं काम पुन्हा खांद्यांवरच येतं. श्वास लवकर घ्यायचा आणि हात पुढे पडायच्या आत डोकं खाली गेलेलं असायचं. एका स्ट्रोकला दोन किक: एक हात आत शिरताना, दुसरी हात मागून बाहेर पडताना. ही दुसरी किक थकल्यावर आधी गायब होते. दमलेल्या मुलांचा एक खांदा झुकतो, भिंतीला हात पुढेमागे लागतात, आणि दोन्ही हात एकाच वेळी लागले नाहीत की डिस्क्वालिफाय. शेवटच्या पंधरा मीटरमध्ये अशी बाद झालेली मुलं मी फार पाहिलीत. त्यांचे चेहरे बघवत नाहीत.

आपल्याकडच्या डिसेंबर-जानेवारीचं वेगळं सांगतो. पारा दहाच्या खाली जातो, पाणी अंगाला झोंबतं, आणि मुलं थंडीमुळे काठावरचा वॉर्मअप टाळून थेट उडी मारतात. फ्लायवाल्यांनी हे करायचंच नाही. थेराबँडने, म्हणजे व्यायामाच्या रबरी पट्ट्याने, खांद्याच्या पात्याभोवतीचे स्नायू जागे करायचे, अंग तापलं की मग पाणी. हाच व्यायाम घरी रोज केला तर पुढची कित्येक वर्षं खांदा साथ देतो.

आता टायमिंग. तुम्हीच लिहिलंय की वर्षभरात ती भराभर उंच झाली. या वयात मुलींचे हातपाय लांबतात, कंबरेचा घेर बदलतो, पाळी सुरू होते. बटरफ्लाय हा सगळा तालाचा स्ट्रोक आहे आणि शरीराची मापं बदलली की तो ताल पुन्हा बसवावा लागतो. एखादं वर्ष घड्याळ थांबतं, कधी उलटंही फिरतं. याच वयात मुली सर्वाधिक संख्येने पोहणं सोडतात असं मी पाहत आलोय, कारण कोणी त्यांना हे समजावूनच सांगत नाही. तिला सांगा. पाळीबद्दल सरांशी बोलायला ती लाजत असेल तर तुम्ही बोला. हिमोग्लोबिन तपासून घ्या. रक्त कमी असेल तर कितीही मेहनत घेतली तरी दुसऱ्या पन्नास मीटरला पाय उचलत नाहीत. आणि पहाटेच्या सरावानंतर शाळेच्या बसमध्ये बिस्किटाचा पुडा नको. शेंगदाण्याचा लाडू, उकडलेली अंडी, दूध-केळं, काहीही, पण अर्ध्या तासाच्या आत पोटात गेलं पाहिजे.

200 मीटरला माझा विरोध नाही. उलट तुमचे सर दूरचा विचार करताहेत. फक्त 200 ची तयारी 200 पोहून होत नाही. बटरफ्लायर घडतो तो फ्रीस्टाईलमध्ये. दम तिथे वाढवायचा, आयएम (एकाच शर्यतीत चारही स्ट्रोक, वैयक्तिक मिडले) पोहून चारही स्ट्रोक हातात ठेवायचे, आणि फ्लाय थोडा पण निर्मळ पोहायचा. तीन हजार मीटरच्या सत्रात या वयाला पूर्ण स्ट्रोकचा फ्लाय चारशेच्या वर नसावा, असं माझं मत आहे. पन्नास मीटरमध्ये पहिले वीस मीटर नेटका फ्लाय, उरलेलं फ्री. किंवा तीन स्ट्रोक उजव्या हाताचे, तीन डाव्या, तीन दोन्ही हातांचे. स्ट्रोक मोडला की तिथेच फ्रीवर यायचं, कारण मोडलेला स्ट्रोक घोटला तर अंगात तोच बसतो. पाण्याखालच्या डॉल्फिन किकवर मात्र भरपूर वेळ द्या. नियमाने पंधरा मीटरपर्यंत पाण्याखाली राहता येतं, आणि त्यात खांदा जवळजवळ वापरलाच जात नाही.

करिअरचं म्हणाल तर आपल्याच फ्लायवाल्यांकडे बघा. खजान सिंग यांनी 1986 च्या सोल एशियाडमध्ये 200 मीटर बटरफ्लायचं रौप्य मिळवलं. त्यानंतर भारताला जलतरणात पुढचं एशियाड पदक मिळायला 2010 उजाडलं: ग्वांगझूमध्ये आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचं 50 मीटर बटरफ्लायचं कांस्य. हाच वीरधवल 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये सोळाव्या वर्षी फ्रीस्टाईलच्या शर्यती पोहला होता. नंतर तहसीलदाराची नोकरी, पाण्यापासून लांब गेलेली वर्षं, आणि परत येऊन 2018 च्या एशियाडमध्ये 50 मीटर फ्रीस्टाईलला चौथा, कांस्य हुकलं ते शतांश सेकंदाने. साजन प्रकाश 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 200 फ्लाय पोहला, मग मानेच्या दुखापतीने त्याला गाठलं. तरीही जून 2021 मध्ये रोमला 1:56.38 वेळ देऊन ऑलिंपिकची ‘ए’ पात्रता, म्हणजे थेट प्रवेश देणारी वेळ, गाठणारा तो पहिला भारतीय जलतरणपटू ठरला. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. अमेरिकेचा मायकेल फेल्प्स पंधराव्या वर्षी सिडनी ऑलिंपिकमध्ये 200 फ्लायला पाचवा आला आणि त्याच शर्यतीचं सुवर्ण रिओत एकतिसाव्या वर्षीही जिंकला. फेल्प्ससारखं कोणी सहसा होत नाही हे मान्य. पण खांदा आणि मन शाबूत असेल तर या स्ट्रोकमध्ये पंधरा वर्षं काढता येतात, आणि तुमच्या लेकीचं त्यातलं दुसरं-तिसरंच वर्ष चालू आहे.

एक गोष्ट नव्याने बदलली आहे, ती लक्षात ठेवा. वीरधवलने पदक मिळवलेली 50 मीटर बटरफ्लायची शर्यत ऑलिंपिकमध्ये नव्हतीच. 2028 च्या लॉस एंजेलिसपासून ती येतेय. म्हणजे तुमची लेक 200 ची होईल की 50 च्या वेगाची, हे आत्ता ठरवायची घाई नको. दोन्ही वाटा मोकळ्या राहू द्या.

पुण्याचं. बालेवाडीच्या क्रीडासंकुलाची सोय मोठी आहे, तिथली स्पर्धा दर्जेदार असते, आणि एका टप्प्यावर बाहेर जावंच लागतं. वीरधवलही कोल्हापूर सोडून बंगळुरूला प्रशिक्षक निहार अमीन यांच्याकडे गेलाच. पण जाण्याची वेळ खांदा बरा झाल्यावर, वाढ स्थिरावल्यावर आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीच्या जवळ टायमिंग आल्यावर येते. साधारण पंधरा-सोळाव्या वर्षी. दुखरा खांदा आणि खचलेलं मन घेऊन नव्या शहरात गेलेलं मूल तिथल्या गर्दीच्या लेनमध्ये हरवून जातं. इथे नाशिकच्या सावरकर तलावावर किंवा नाशिकरोडला सराव करून दोन-तीन महिन्यांतून एकदा पुण्याच्या स्पर्धेला जाणं सध्या पुरेसं आहे. तोपर्यंत महागडे रेसिंग सूटही घेऊ नका, सहा महिन्यांत ते तिला बसणार नाहीत.

नोकरीबद्दल तुम्ही दबक्या आवाजात विचारलंय, पण त्यात संकोच कशाला? राज्याच्या सरकारी भरतीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पोलीस आणि रेल्वेही खेळाडू घेतात. साजन केरळ पोलिसांत आहे. प्रत्येक स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र जपून ठेवा. पण पोहण्यातून पोट भरेल या हिशोबावर घर विकण्याइतका भरवसा ठेवू नका, आणि दहावीच्या वर्षी सराव पूर्ण बंदही करू नका. आठवड्याला तीन-चार सत्रं राहू द्यात. पाण्याची जाण टिकते आणि अभ्यासात डोकंही हलकं राहतं.

सरांशी तिच्यासमोरच बोला. फिजिओ काय म्हणाले ते सांगा, समोरून आणि बाजूने काढलेले व्हिडिओ दाखवा, आणि पुढच्या सहा महिन्यांत 100 फ्लायचं टायमिंग घ्यायचंच नाही, त्याऐवजी 400 फ्री आणि 200 आयएमचं घेऊ, असं सुचवून बघा. चांगले प्रशिक्षक यावर रागावत नाहीत. आणि बोलणं झालं की निर्णय तिलाही विचारा, कारण तलावात उतरायचं तिला आहे.