एज्युकेशनची नऊ अक्षरं आणि वडावरचं वटवाघूळ

प्रश्न : ताई, माझी मुलगी सातवीत आहे, इंग्लिश मीडियमला. एज्युकेशन ह्या शब्दात पाचही व्हॉवेल येतात, तसे अजून दहा शब्द अर्थासकट लिहून आणा असं सांगितलंय. आम्हाला दोनच सापडले. आणि ती मला विचारते की आई, अक्षरं सारखी म्हणजे ते शब्द नात्यातले असतात का? मला काही सांगता आलं नाही. – एक आई, मांजलपूर, बडोदा

उत्तर : आधी होमवर्क उरकून टाकू, मग मुलीच्या प्रश्नाकडे येते, कारण खरी मजा तिथे आहे.

फसीशस लिहा, एफ ए सी ई टी आय ओ यू एस, ह्यात ए ई आय ओ यू अगदी ओळीने येतात, अर्थ गंभीर बोलणं चालू असताना नको तिथे थट्टा करणारा. ॲब्स्टीमियसमध्येही तीच ओळ, म्हणजे खाण्यापिण्यात हात राखून असणारा, मुळात लॅटिनमध्ये दारूपासून लांब राहणारा. दोघांना शेवटी एल वाय लावलं की वायसुद्धा रांगेत येऊन बसतो. सबकॉन्टिनेन्टल म्हणजे उपखंडातला, ह्यात पाचही उलट्या क्रमाने आहेत, यू पासून ए पर्यंत, आणि अनकॉम्प्लिमेंटरी, म्हणजे नावं ठेवणारं बोलणं, त्यातही तसंच. मग ॲम्बिडेक्स्ट्रस, दोन्ही हात सारखेच चालणारा, ह्याला आपल्याकडे किती सुंदर शब्द आहे, सव्यसाची! वहीत तोच लिहायला सांगा. बिहेव्हियर म्हणजे वागणूक (ब्रिटिश स्पेलिंग घ्या, त्यात यू असतो), सिक्वोया हे कॅलिफोर्नियातलं प्रचंड उंच झाड, अनकॉपीराइटेबल म्हणजे ज्यावर कॉपीराइट घेता येत नाही असं. हे आठ झाले.

उरलेले दोन एज्युकेशनच्याच पोटात आहेत. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूचे नऊ चौकोन कापा आणि एकेकावर ई डी यू सी ए टी आय ओ एन लिहा. मग जागा बदलत बसा. मी मागच्या महिन्यात भाचीबरोबर जेवणाच्या टेबलावर हेच केलं, दहा-पंधरा मिनिटांनी तिने आधी ऑक्शन्ड लावलं, लिलावात काढलेलं, आणि मग नुसता सी उचलून पुढे आणला तर कॉशन्ड, म्हणजे सावध केलेलं! नऊच्या नऊ चौकोन तेच, एकही जास्त नाही, एकही उरला नाही.

आता मुलीचं उत्तर. नाही, हे तिघं नात्यातले नाहीत. ऑक्शनच्या मुळाशी वाढवणं आहे, बोली वाढत जाते म्हणून, आणि आपलं ओजस त्याच कुळातलं. कॉशनच्या मुळाशी सावध असणं. आणि एज्युकेशनमध्ये जो ड्यूक आहे तो लॅटिनमधला पुढे नेणं, वाट दाखवणं ह्या अर्थाचा, म्हणून त्याचा खरा नातेवाईक कोण माहितीये? बसमधला कंडक्टर. अक्षरं जमून येणं हा योगायोग असतो, नातं असतं ते धातूत. आपण जसा समासाचा विग्रह करतो तसा इंग्लिश शब्द सांध्यावर मोडायला शिकवा, रट्टा मारायला लागणार नाही.

प्रश्न : सोसायटीच्या नोटिशीत मी वॉटर कॉन्झर्व्हेशनऐवजी वॉटर कन्व्हर्सेशन असं टाइप केलं आणि ती तशीच लिफ्टपाशी लागली. कॉम्प्युटरने चूकही दाखवली नाही. ह्याच्याहून लांब अशी जोडी आहे का? – एक निवृत्त वाचक, रावपुरा, बडोदा

उत्तर : काका, कॉम्प्युटर कशी चूक दाखवणार, दोन्ही शब्द बरोबर आहेत आणि अक्षरंही तीच बाराची बारा, फक्त व्ही आणि एस ची अदलाबदल. कॉन्झर्व्हेशनमध्ये सर्व्ह म्हणजे राखणं, सांभाळणं. कन्व्हर्सेशनमधला व्हर्स म्हणजे वळणं, संस्कृतातला वृत् तो हाच, त्याच्यापासूनच आपलं वर्तुळ आणि वर्तन. जुन्या इंग्लिशमध्ये कन्व्हर्सेशनचा अर्थ खरोखरच वर्तन, लोकांत राहणं-वागणं असा होता, गप्पा हा अर्थ नंतरचा. राखायचं म्हणजे सर्व्ह एवढं लक्षात ठेवा, पुढच्या नोटिशीत गडबड नाही होणार.

आणि लांब जोडी आहे ना, पंधरा-पंधरा अक्षरांची! सिनेमॅटोग्राफर आणि मेगाकायरॉप्टरन. पहिला आपल्याला माहितीये, सिनेमाचा कॅमेरा ज्याच्या हातात असतो तो. दुसरा म्हणजे फळं खाणारं मोठं वटवाघूळ. मेगा मोठा, कायरो हात, प्टर पंख, म्हणजे हातच ज्याचे पंख आहेत असा मोठा प्राणी. हे नाव किती नेमकं आहे ते मी लहानपणी पाहिलंय. आमच्या वाड्यामागच्या वडाखाली एक मेलेलं पडलं होतं, आजोबांनी काडीने त्याचा पंख उलगडून दाखवला, छत्रीच्या काड्यांसारखी चार लांब बोटं, मध्ये पातळ काळी कातडी ताणलेली आणि वरच्या कडेला नखवाला अंगठा मोकळा. तो हातच होता. वडाच्या नावावरूनच आपल्या गावाला वडोदरा म्हणतात आणि ह्या प्राण्याच्या मराठी नावातही वट बसलाय, म्हणून मला ही जोडी फार आवडते.

तो प्टर अजून एका ठिकाणी आहे. हेलिकॉप्टर आपण हेली आणि कॉप्टर असं तोडतो पण खरा सांधा हेलिको आणि प्टर असा, गोल फिरणारा पंख. संस्कृतात पत्र म्हणजे पंखही, ते आणि हा प्टर एकाच मुळाचे. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत वेळ काढून जा काका, सयाजीरावांनी 1910 मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून ह्या कामाची घडी बसवली, तिथली काचेची जमीन तर बघाच पण मोठ्या डिक्शनरीत शब्दाखाली मूळ दिलेलं असतं, ते वाचायची सवय लागली की सुटत नाही.

प्रश्न : एकही अक्षर रिपीट न होणारा लांब शब्द कोणता? – कॉलेजचा विद्यार्थी, प्रतापगंज, बडोदा

उत्तर : अनकॉपीराइटेबल वर आलाच, पंधरा अक्षरांचा. त्याच्याच लांबीचा दुसरा डर्मॅटोग्लिफिक्स, हा मला जास्त जवळचा. डर्मा म्हणजे कातडी, ग्लिफ म्हणजे कोरणं, इजिप्तच्या हायरोग्लिफमध्ये आहे तोच. बोटं, तळहात आणि तळपाय ह्यांच्यावरच्या रेषांचा अभ्यास. शब्द 1926 चा, हॅरॉल्ड कमिन्स ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने दिलेला, पण बोटांच्या ठशांचं सरकारी ऑफिस आपल्याकडे कोलकात्यात 1897 मध्येच उघडलं होतं आणि तिथे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस ह्यांनी ठसे वर्गवार लावायच्या पद्धतीवर फार मोठं काम केलं. अंगठ्याला पेन्सिलची पूड चोळ, त्यावर सेलोटेप दाबून काढ आणि पांढऱ्या कागदावर चिकटव, म्हणजे ग्लिफ का म्हटलंय ते डोळ्यांनी दिसेल.