साप्ताहिक तोरा-पाठ वाचायला घेताना
यहुद्यांचा धर्मग्रंथ तोरा (मोशेची पाच पुस्तके) आठवड्याच्या नेमलेल्या पाठांप्रमाणे, श्रद्धा आणि देवाशी झालेला करार हे सूत्र धरून वाचायचे तुम्ही ठरवले आहे, हे उत्तमच. मात्र वर्षाचे ५४ पाठ सारख्याच बारकाईने वाचण्याचा हट्ट पहिल्या वर्षी धरू नका.

सुरुवातीला नोहाच्या पाठातील इंद्रधनुष्य, म्हणजे देवाच्या कराराची खूण, थोडक्यात पाहा आणि ‘लेख-लेखा’ या पाठापाशी थांबा. ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात अब्राम देवावर विश्वास ठेवतो आणि दोनच वचनांनंतर ‘हे मला कशावरून कळेल?’ असेही विचारतो. मग तो कापलेल्या जनावरांचे अर्धे भाग समोरासमोर मांडतो, त्यांवर झडप घालणारे पक्षी हाकलतो. पण त्या भागांमधून धुमसती भट्टी आणि पेटती मशाल जाते, अब्राम जात नाही. करारात स्वतःला बांधून कोण घेत आहे, देव की अब्राम, हे इथे नीट पाहावे.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका अशा:

- ‘एमुना’ (श्रद्धेसाठीचा हिब्रू शब्द) म्हणजे केवळ मानणे, असे समजणे. ‘बेशलाख’ पाठात अमालेकाशी लढाई चालू असताना मोशेचे हात सूर्यास्तापर्यंत स्थिर राहिले, तिथेही हाच शब्द आहे.
- दर आठवड्याला तात्पर्य काढण्याची घाई करणे. (माझी पहिली वही अशाच तात्पर्यांनी भरली होती, आज ती वाचवत नाही.)
- ‘लेवीय’ या तिसऱ्या पुस्तकात यज्ञविधी आले की वाचन सोडून देणे. तिथे भराभर पुढे जावे, परंतु आठवडा चुकवू नये.

राशी या मध्ययुगीन यहुदी भाष्यकारांचे भाष्य दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवा.