‘पलायन’, ‘प्रतिक्षिप्त क्रिया’ की नुसते ‘निसटणे’?

प्राणिशास्त्रावरील लेखाचा मराठी अनुवाद करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, साध्या प्राण्यांच्या ‘एस्केप बिहेवियर’ला, म्हणजे धोक्यापासून सुटण्याच्या हालचालींना, ‘पलायन-वर्तन’ म्हणावे की ‘प्रतिक्षिप्त क्रिया’, आणि दोन्ही शब्द एकमेकांऐवजी वापरले तर चालेल का. चालणार नाही, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण कोशात शोधण्यापेक्षा क्रेफिशच्या शेपटीत शोधलेले बरे.

क्रेफिश हा गोड्या पाण्यातला, शेवंडीचा नातलग. त्याच्या पोटाकडच्या भागाला अचानक धक्का बसला की तो साधारण एक शतांश सेकंदात शेपटी पोटाखाली दुमडतो आणि वर-पुढे उसळी मारतो. धक्का डोक्याकडून आला तर हीच शेपटी त्याला सरळ मागे फेकते. या दोन उसळ्यांसाठी चेतारज्जूत, म्हणजे शरीरभर जाणाऱ्या मुख्य मज्जादोरीत, जाड तंतूंच्या दोन वेगळ्या जोड्या आहेत. पहिलीसाठी बाजूची जोडी आणि दुसरीसाठी मधली. अशा एका तंतूतून एकच आवेग (विद्युतसंदेश) गेला तरी संपूर्ण उसळी घडते, हे शास्त्रज्ञ विर्स्मा यांनी १९४७ मध्ये दाखवले. तंतू जाड असल्यामुळे आवेग वेगाने धावतो. शिवाय या तंतूकडून स्नायूंच्या चेतापेशीकडे तो रसायनाची वाट न पाहता थेट विद्युतप्रवाहाने पोहोचतो, हे फर्शपॅन आणि पॉटर यांनी १९५९ मध्ये सिद्ध केले. माकूलाच्या (स्क्विडच्या) प्रसिद्ध महातंतूचे कामही हेच आहे, म्हणजे धोका दिसताच पाण्याचा झोत सोडून अंग मागे ढकलणे.

मात्र ही पहिली उसळी झाल्यावर क्रेफिश शेपटी पुनःपुन्हा हलवत पोहत दूर जातो, आणि त्या पोहण्यात जाड तंतूंचा सहभाग नसतो. तिथे दुसरे, सुरू व्हायला अधिक वेळ घेणारे पण दिशा बदलू शकणारे चेताजाल, म्हणजे चेतापेशींचे जाळे, कामाला लागते. झुरळातही दोन टप्पे दिसतात. त्याच्या पोटाच्या टोकाला शिंगांसारखे दोन अवयव असतात आणि प्रत्येकावर वाऱ्याची दिशा ओळखणारे सुमारे २२० बारीक केस असतात. आपण चप्पल उगारतो तेव्हा चपलेआधी तिचा वारा पोहोचतो, झुरळ त्या वाऱ्याकडे पाठ करून गर्रकन वळते, आणि मगच धावत सुटते. (स्वयंपाकघरात रात्री दिवा लावणाऱ्या कोणालाही यातला दुसरा टप्पाच आठवत असतो, पहिला डोळ्यांना पकडता येत नाही.)

मराठीत या दोन टप्प्यांसाठी दोन क्रियापदे आधीपासूनच आहेत. ‘पळणे’ हे अंतर कापणे आहे, त्याला पाय लागतात आणि बहुधा हेतूही लागतो. ‘निसटणे’ मात्र साबणालाही जमते. त्यात पकड किंवा जवळपास आलेली पकड गृहीत आहे, मनात काय होते याचा दावा नाही, आणि एका क्षणाचीच गोष्ट आहे. जाड तंतू जे घडवतो ते निसटणे आणि त्यानंतरचे जाल जे घडवते ते पळणे, असे लिहिले तर वाचकाला चेतासंस्थेची विभागणी शब्दातूनच कळते. ‘पलायन’ हा शब्द या दोहोंना एकत्र झाकतो. व्युत्पत्तीने तो ‘परा’ आणि ‘अयन’ यांचा, ‘र’चा ‘ल’ होऊन बनलेला, म्हणजे ‘दूर जाणे’ एवढाच. पण ‘पलायनवादी’सारख्या वापराने त्याला भित्रेपणाचा वास चिकटला आहे, आणि क्रेफिशवर तो आरोप कशाला करायचा? प्रकरणाच्या मथळ्यात ‘पलायन-वर्तन’ असू द्यावे; मजकुरात क्रियापदे वेगळी ठेवावीत. ‘निसटती उसळी’ असे विशेषण मात्र करू नये, कारण ‘निसटता विजय’ वाचलेला मराठी वाचक त्याचा अर्थ ‘थोडक्यात साधलेली’ असा घेईल.

‘प्रतिक्षिप्त क्रिया’बद्दल माझी हरकत वेगळी आहे. हा शब्द ‘उलट फेकलेली’ असे सांगतो, म्हणजे चेंडू भिंतीवर आपटला की परत येणारच. क्रेफिशची बाजूची जोडी असे वागत नाही. तो खात असताना किंवा त्याला घट्ट धरून ठेवले असताना तिला जागे करायला अधिक जोराचा धक्का लागतो, कारण चेतासंस्थेच्या इतर भागांतून तिला रोखून धरणारे संदेश येतात. खाणाऱ्याने घास टाकून केव्हा उठावे, याचा हिशेब तिथे होतोच. त्यामुळे गरम तव्यावरून हात मागे घेण्यासाठी पाठ्यपुस्तकातला हा शब्द खुशाल वापरावा, पण इथे ‘निसटण्याची झटपट हालचाल’ असे सुटे लिहिणे मला अधिक अचूक वाटते, जरी त्यात दोन शब्दांऐवजी तीन शब्द खर्ची पडले तरी.