भिगवणचे फ्लेमिंगो होडीतून टिपताना

१५०-६०० मिमीची लेन्स असूनही फ्लेमिंगो हलल्यासारखे आणि पांढरेफटक येतात, जानेवारीत पुन्हा जायच्या आधी लेन्स बदलू का, असं तुम्ही विचारलंय. बदलू नका. तुमची लेन्स पुरेशी आहे, होडी कुठे थांबवायची तेवढं ठरवा.

भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्यावर मी बरीच वर्षं कुंभारगावातून होडी घेतो. तिथले नावाडी मुळात मासेमार. पाणी कुठे उथळ आहे, थवा कुठे चरतोय, हे त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं कळतं. पण आपल्याला काय हवंय ते निघायच्या आधीच सांगावं लागतं, नाहीतर ते आपल्याला खूश करायला थव्याच्या अगदी जवळ नेतात. सुरुवातीला माझंही तसंच झालं होतं. सगळा थवा उठला आणि हाती आल्या फक्त पाठी.

पाणपक्षी वाऱ्याकडे तोंड करून उडतात. फ्लेमिंगो तर आधी पाण्यावरून बरीच पावलं धावतो, मग उचलला जातो. म्हणजे वारा तुमच्या पाठीवर असेल तर तो तुमच्या दिशेने उठणार. सकाळी ऊनही पाठीशी हवं, म्हणून थव्याच्या पूर्वेला जायचं. वारा आणि ऊन दोन्ही पाठीशी मिळाले तर तिथून हलूच नका. वारा उलटा असेल तर थव्याला बाजूने गाठा, निदान पंख तरी पूर्ण दिसतील. लांबूनच इंजिन बंद करायला सांगा, पुढे बांबूने रेटत जायचं. चरणाऱ्या माना एकदम वर झाल्या आणि पक्षी चालत दूर सरकायला लागले की तिथेच थांबायचं. त्यापुढे एक हातही नको, ते लांबून इथे पोट भरायला आलेले असतात.

ट्रायपॉड घरी ठेवा, होडीची थरथर तो थेट कॅमेऱ्यात पोचवतो. होडीच्या तळाशी बसा, कोपर गुडघ्यावर टेकवा. पक्षी नजरेच्या पातळीवर येतो आणि हातही स्थिर राहतो. शटर स्पीड बसलेल्या पक्ष्याला १/१००० सेकंद, उडत्याला १/२०००; आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, ऑटोवर. गडद पाण्यावर पांढरा पक्षी असला की कॅमेरा फसतो आणि फोटो जास्त उजळ करतो. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप खाली घ्या (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). तुमचा पांढरेफटकपणा तिथूनच येतोय. आणि ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते. त्या वेळचे लांबचे फोटो कुठल्याच लेन्सने धारदार येत नाहीत.

एडिटिंगमध्ये पहिलं काम क्षितिज सरळ करणं, होडीत ते हमखास कलतं. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) असेल तर हायलाइट्स, म्हणजे सगळ्यात उजळ भाग, खाली आणून पिसांचे पदर परत मिळवा. नॉइज, म्हणजे फोटोतले रवे, आधी काढा. धार मात्र मास्क लावून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, फक्त पक्ष्याला द्या, पाण्याला दिलीत तर ते खरखरीत दिसतं.

सॅच्युरेशनला, म्हणजे रंगांच्या गडदपणाला, हात लावू नका, हे मी कळकळीने सांगतो. भिगवणचा मोठा रोहित (रोहित म्हणजेच फ्लेमिंगो) अंगाने पांढरटच असतो. खरा लाल-गुलाबी रंग पंखात, तोही उघडल्यावर दिसतो. पिल्लं तर करड्या रंगाची असतात, कारण गुलाबी रंग अन्नातल्या कॅरोटिनॉइडमुळे हळूहळू चढतो. ठाण्याच्या खाडीतला छोटा रोहित जास्त गुलाबी असतो, त्याचे फोटो पाहून लोक भिगवणचा पक्षी रंगवतात.

होडीच्या तळाला पाणी साचतं, तेव्हा बॅग फळीवर ठेवा आणि कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यातून काढू नका.